दुसरं वाचन

दोन्ही हातांत कॉफीचे कप होते म्हणून उल्रिकानं दार खांद्यानं ढकललं. ते वीतभर उघडलं आणि आतून टोर्केलचं हसणं ऐकू आलं. नाकातून निघालेलं, आवरता आवरता फुटलेलं हसणं. खोलीत तो एकटाच होता. एक्स-रे वाचायच्या खोलीत असतो तसा अंधार, समोर संगणकाचे दोन उंच पडदे, आणि त्यांच्या करड्या उजेडात त्याचं टक्कल आणि एक कान. "कमाल आहे तुझी, हुल्दा," तो पडद्याला म्हणाला, "हे कुठनं शोधून काढलंस?" उल्रिका जागच्या जागी थबकली. कप कागदाचे होते, बोटं चटचटत होती, तरी तिला ते खाली ठेवायचं सुचलं नाही. वाक्यात तसं काहीच नव्हतं. माणसं मोटारीशी बोलतात, थंडीत चालू होईना तर तिला लाडीगोडी लावतात. तिचा नवरा होकान तर टोमॅटोच्या रोपांशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. पण टोर्केलच्या आवाजात जे होतं ते तिच्या ओळखीचं होतं. त्यात कौतुक होतं, आणि कौतुकाच्या तळाशी थोडी शरणागती होती, आणि इतक्या वर्षांत तो आवाज तिच्यासाठी एकदाही निघाला नव्हता. तिनं दार हळूच लोटून घेतलं, त्याची कॉफी मोरीत ओतली आणि स्वतःची तिथंच उभ्यानं प्याली. मग विनाकारण हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत.

हुल्दा म्हणजे सप्टेंबरात आलेली एआय. विकणाऱ्यांनी तिला अक्षरं आणि आकडे जोडून काहीतरी नाव दिलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. तेव्हा विभागप्रमुख पेर्निलानं फिकाच्या वेळी, म्हणजे सकाळच्या कॉफी-पावाच्या टेबलावर, एक खोका ठेवला आणि सुचेल ते नाव चिठ्ठीवर लिहून टाका म्हणाली. हुल्दा निवडून आली. हे आजीच्या पिढीतलं नाव. हुल्दा म्हणजे मोजे विणणारी, जाळीच्या पडद्याआडून गल्लीवर नजर ठेवणारी, कुणाच्या दारात कुणाची सायकल किती वेळ उभी होती ते चोख सांगणारी म्हातारी. ती चिठ्ठी टोर्केलची, हे उल्रिकाला अक्षरावरून कळलं होतं, आणि तेव्हा ती सगळ्यांबरोबर मनापासून हसली होती. बिचारीला काय ठाऊक!

चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बाईला इथं दर दीड-दोन वर्षांनी बोलावणं जातं. छातीत कर्करोगाची गाठ आहे का ते बघायला चार एक्स-रे फोटो निघतात, दोन डावीचे, दोन उजवीचे, आणि ते दोन डॉक्टर बघतात. बघतात म्हणायचं नाही, वाचतात म्हणायचं. आधी एकानं वाचायचं, मग दुसऱ्यानं, पहिल्यानं काय ठरवलं ते न पाहता. दोघांनाही काही वावगं दिसलं नाही तर बाईला घरी पत्र जातं की सगळं ठीक आहे. एकालाही शंका आली तर ती बाई गुरुवारच्या बैठकीत जाते. वीसएक वर्षं पहिलं वाचन टोर्केलचं होतं आणि दुसरं उल्रिकाचं. आता दुसरं हुल्दाचं. उल्रिकाला इस्पितळाच्या बोळात दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं, सोनोग्राफी करायला आणि गाठीत सुई घालून तुकडा काढायला. शिवाय टोर्केल आणि हुल्दाचं पटलं नाही तर गुरुवारी तिसरं मत द्यायला. पेर्निला म्हणाली होती, तुझा हात बायकांना आवडतो, त्या तुझ्यापाशी घाबरत नाहीत. हे खरं होतं, त्यामुळे जास्तच लागलं. नवरा दुसरीकडे गुंतल्यावर सासूनं म्हणावं की तुझ्या हातच्या रश्श्याला मात्र तोड नाही, तसं.

नवरा हा शब्द मनात आला तशी ती वरमली. टोर्केल तिचा कुणी नव्हता. त्याच्या घरी ती फारतर चार वेळा गेली असेल; त्याची माय नावाची बायको, तिचं ते लोणच्याच्या बरण्यांनी भरलेलं स्वयंपाकघर, आणि प्रत्येक पाहुण्याला चुलीसमोर नेऊन बसवणारा आंधळा कुत्रा. एकमेकांचे वाढदिवस त्यांना आठवत नसत. पण त्या खोलीत ते पाठीला पाठ लावून बसत, आणि नवराबायकोलाही एवढा अंधार एकत्र मिळत नसेल. एकाच यादीत टोर्केल थोडा पुढे असे, उल्रिका मागून. बोलणं जवळजवळ नाही. त्याच्या माऊसची टिकटिक, त्याचा बूट फरशीवर ठेका धरायचा तो, दुपारी त्याच्या पोटातली गुरगुर. अवघड फोटो आला की ठेका थांबायचा, मग त्याच्या खुर्चीची डावी बाजू कुरकुरायची, मग एक लांब श्वास. काही वेळानं तोच फोटो उल्रिकाच्या पडद्यावर यायचा, आणि तिला तिथं काहीतरी दिसायचं. हेमंतात नांगरलेल्या शेतावर धुकं असावं आणि त्यात एकच पांढुरका दगड, तसं. दोघांची मतं इतकी जुळत की नाताळच्या जेवणात त्यांच्यावर ठरलेला विनोद व्हायचा: डोकं एक, पगार दोन. त्या विनोदावर टोर्केल हसत नसे, ते तिनं तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यानं पाठीचं दुखणं सांगून नवी खुर्ची मागवली, महागडी, अजिबात आवाज न करणारी. तेव्हा का कोण जाणे, तिला आठवडाभर उदास वाटत राहिलं होतं. कुणी मधला पडदा ओढून घेतल्यासारखं. मग हळूहळू श्वासावरच भागायला लागलं.

आपण जळतोय हे कबूल करायला तिला महिना लागला. जळणं तिच्या स्वभावात नव्हतं, निदान तशी तिची समजूत होती. होकानचं मागं चर्चच्या गायनमंडळात खर्जात गाणाऱ्या एका बाईशी काहीतरी सुरू झालं होतं. काहीतरी म्हणजे जे असतं तेच. तो एका रविवारी रडवेला होऊन सांगायला बसला तेव्हा उल्रिका बटाटे सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, विचारलं, ती बाई जेवायला येणार आहे का, म्हणजे बटाटे वाढवायला हवेत. प्रकरण महिन्याभरात आपोआप विरलं, पण होकान दुखावला तो दुखावलाच. बायकोनं एक बशीसुद्धा फोडली नाही हे त्याला आजतागायत सलतं. आता तीच उल्रिका रात्रीच्या जेवणात हुल्दाचं नाव काढायची. हुल्दा असं म्हणाली, हुल्दानं तसं केलं, टोर्केल हुल्दाचं ऐकतो. होकान काटा खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "माझ्या वेळी तू बटाटे सोलत होतीस," तो म्हणाला. त्यात राग कमी होता, नवल जास्त. तिला त्याची दया आली, आणि लगेच स्वतःची. सवत असावी तर ती हाडामांसाची तरी असावी. तिच्या वेणीफणीत खोट काढता येते, तिचं वय काढता येतं. हिला ना वय ना वेणी. ही दमत नाही, हिचे डोळे चुरचुरत नाहीत, हिला शाळेतून फोन येत नाही की मुलाला ताप आहे. आणि टोर्केलचा बूट ठेका धरतो की थांबतो, याच्याशी हिला कर्तव्यच नाही.

ह्याच्या आधी एकदाच असं झालं होतं, आणि ते ती विसरून गेली होती असं तिला वाटत होतं. वडिलांची छोटी शिडाची होडी होती. वडील सुकाणूपाशी आणि उल्रिका पुढच्या शिडाची दोरी धरून, त्यांच्याकडे पाठ करून. वडील हुकूम देत नसत. वळायच्या आधी ते बसल्या जागी किंचित सरकत, होडीचा तोल केसभर बदले, आणि तो उल्रिकाच्या मांड्यांना कळे. ते तोंड उघडायच्या आत ती दोरी सोडून मोकळी झालेली असे. धक्क्यावरचे लोक म्हणत, ह्या बापलेकींना जीभ नसती तरी चाललं असतं. मग एका उन्हाळ्यात आतेबहीण एब्बा राहायला आली, दोरीवर ती बसली, आणि उल्रिका धक्क्यावर पाय सोडून बघत राहिली. एब्बाला काहीएक येत नव्हतं. ती प्रत्येक वळणाला मागं वळून विचारायची, आत्ताच का, पलीकडून का नको, वारा तिकडून येतोय ना. आणि वडील हसत होते. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. परत आल्यावर त्यांनी उल्रिकाच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, एब्बा फार प्रश्न विचारते बुवा. तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण चेहरा उजळलेला होता. तेव्हाचा तो डांबराचा आणि शेवाळाचा दर्प त्या दिवशी बोळातल्या मोरीपाशी, कॉफीचा रिकामा कप हातात धरून उभ्या बाईच्या नाकात कसा शिरला, कोण जाणे.

ती हुल्दाच्या चुका गोळा करायला लागली. एकीनं काखेत पावडर लावली होती, हुल्दाला त्यात संकट दिसलं. एकीच्या छातीवरच्या चामखिळीभोवती तिनं गोल काढला. हे किस्से उल्रिका फिकाला वेलदोड्याचा पाव मोडता मोडता रंगवून सांगायची, आणि सगळे हसायचे. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा चामखीळ मोठी झाली होती. पेर्निलानं कपातलं ढवळणं न थांबवता विचारलं, की तू आणि टोर्केल सुरुवातीला किती चामखिळींना गोल काढायचात ते आठवतं का तुला? टोर्केल पावाचे तुकडे वेचत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, तिची बाजूही घेतली नाही. नोव्हेंबर चालू होता. बाहेर शेतांतून काढलेल्या बीटाचे ढीग रस्त्याकडेला पडले होते आणि त्यांचा गोडसर कुजका वास दारं-खिडक्या बंद असूनही आत येत होता.

मंगळवारी काम संपल्यावर टोर्केलनं तिला सायकलींच्या छपराखाली गाठलं. तुझं काहीतरी बिनसलंय, तो म्हणाला. ती म्हणाली, काही नाही. मग किल्ली सापडेना म्हणून पर्स उपसत असताना तिच्या तोंडून निघून गेलं.

"तू तिच्याशी बोलतोस."

"कुणाशी?"

"हसतोससुद्धा."

तो हेल्मेट हातात धरून उभा राहिला. हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत तो म्हणाला, "ती माझ्याशी भांडते, उल्रिका. मी म्हणतो काही नाही, ती म्हणते आहे. मला परत बघावं लागतं. निम्म्या वेळा ती चुकलेली असते. पण मला परत बघावं लागतं."

"आपलं पटायचं," ती म्हणाली.

"पटायचं नाही. तू ऐकायचीस."

मग त्यानं सांगितलं, तिच्याकडे न बघता, छपरावर टपटपणाऱ्या पाण्याकडे बघत. काही वर्षांपूर्वी एका स्वच्छ फोटोवर त्याच्या पायाला गोळा आला होता. तो कळवळून डावीकडे झुकला, खुर्ची कुरकुरली, आणि त्यानं पुढचा फोटो घेतला. तो स्वच्छ फोटो उल्रिकानं गुरुवारच्या बैठकीला पाठवला. योगायोग असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं. पण मनात राहिलं. काही दिवसांनी, स्वतःचीच लाज वाटत असताना, तो दुसऱ्या एका स्वच्छ फोटोवर मुद्दाम झुकला. तोही फोटो बैठकीला आला.

"म्हणून खुर्ची बदललीस?"

"म्हणून."

"आणि मला बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो? तुला दुसरीकडे पाठवलं असतं. मग माझ्या मागं कोण बसलं असतं? तसं मागं कुणी नव्हतंच म्हणा. माझ्याकडून सुटलं ते सुटलं. रात्री पडल्या पडल्या मी फोटो आठवायचो. हुल्दा आल्यापासून मला झोप लागते."

त्यानं हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली चिमटला, तिला सावकाश जा म्हणाला आणि गेला. त्याच्या सायकलचा लाल दिवा वळणापर्यंत दिसत राहिला.

तिला खाली मान घालावीशी वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण ते नंतर. आधी आली ती चीड, आणि चिडीच्याही आधी पुन्हा तेच जळणं, आता नवी धार लावून आलेलं: त्याला झोप लागते. आपण त्याच्या श्वासाश्वासावर कान ठेवून बसलो आणि त्यामुळे त्याला झोप लागेना. ही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही आणि तो शांत झोपतो. घरी येऊन ती अंगातला कोट न काढता पलंगावर बसली. तिनं शोधलेल्या गाठी होत्या. नक्की होत्या. त्या बायका तिला बाजारात भेटायच्या, एकीनं तर मुलीच्या लग्नात बोलावलं होतं. पण त्यांतली कुठली तिची आणि कुठली खुर्चीची? ती एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणायची आणि मागं कुरकुर ऐकू येते का ते बघायची, आणि बघायला गेलं की प्रत्येकीच्या मागं ऐकू यायची. ज्या फोटोंवर खुर्ची गप्प राहिली, आणि म्हणून तीही गप्प राहिली, त्यांच्याकडे तिनं मन वळूच दिलं नाही. तिकडे बघितलं असतं तर ती पलंगावरून उठली नसती.

गुरुवारच्या बैठकीत एक बाई होती. वय बावन्न, आधीचं काही नाही. टोर्केलनं ठीक म्हणून सोडलेली. हुल्दानं धोक्याचा आपला सगळ्यात वरचा आकडा दिलेला आणि डाव्या छातीत, वरच्या बाजूला, एक बारीक गोल काढलेला. खोलीत तिघंच: पेर्निला, टोर्केल आणि उल्रिका. टोर्केलनं आपलं म्हणणं नीट मांडलं. दोन रक्तवाहिन्या एकमेकींवरून गेल्यात, त्यांची सावली आहे, बाकी काही नाही. बाईला विनाकारण घाबरवायला नको. पटण्यासारखं होतं. त्याचं नेहमीच पटण्यासारखं असतं. पेर्निला उल्रिकाकडे वळली. उल्रिकाच्या जिभेवर 'हो' तयार होता. कित्येक आठवडे तिनं ह्याच घडीची वाट बघितली होती, की हुल्दा तोंडावर आपटावी आणि ती आपटताना आपण टोर्केलच्या बाजूला उभं असावं. आणि मंगळवारपासून नेमका तोच 'हो' तिला नकोसा झाला होता. हो म्हणावं तर खोड गेली नाही असं होईल. नाही म्हणावं तर त्याच्या नाकावर टिच्चून म्हटल्यासारखं. कुठंतरी एक बाई फोनची घंटा वाजली की दचकत असेल, आणि आपण इथं आपली उणीदुणी मांडून बसलो आहोत. तिला स्वतःचा किळसवाणा कंटाळा आला.

तिनं हुल्दाचा गोल पडद्यावरून पुसायला सांगितला. दोन वर्षांपूर्वीचे फोटो शेजारी लावायला सांगितले. मग म्हणाली, "टोर्केल, तू जरा बाहेर थांबतोस?" पेर्निलाच्या भुवया वर गेल्या. टोर्केल उठून बाहेर गेला.

खोलीत आवाज राहिला तो पंख्याचा, यंत्राच्या पोटातल्या. तो काहीच सांगत नव्हता. तिला आधी काही दिसलं नाही. मग भीती वाटली की आता कधीच काही दिसणार नाही, की ती इतकी वर्षं पांगळी होती आणि कुबडी काढून घेतल्यावर आज ते उघड झालं. करडं, पांढुरकं, धूसर. ती फोटोवरून नजर फिरवत राहिली, घाई न करता, घरात चष्मा हरवल्यावर फिरवतात तशी. लोकरीचा जुना स्वेटर खिळ्याला अडकावा आणि एक धागा ओढला जावा. भोक पडत नाही, पण आजूबाजूची वीण किंचित त्या बाजूला कलते. तसं काहीतरी होतं. किंवा नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत वीण सरळ होती. सरळ होती असं तिला वाटलं. शपथेवर सांगता आलं नसतं.

"बोलवा तिला," ती म्हणाली.

टोर्केल बोळात खिडकीपाशी उभा होता. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला निकाल कळला. त्याला आनंद व्हायला हवा होता. भांडणारं माणूस हवं असं त्यानंच म्हटलं होतं. "म्हणजे तुमचं दोघींचं जमलं तर," तो म्हणाला. हलकेच म्हणाला, पण त्या शब्दांच्या काठाला जे लागलेलं होतं ते उल्रिकानं गेले कित्येक आठवडे चाटून पाहिलेलं होतं. तिला चक्क हसू यायला लागलं, आणि त्याच्या कोटाची वर राहिलेली कॉलर खाली करावीशी वाटली.

"गोल पुसायला लावला होता मी," ती म्हणाली.

"पुसायच्या आधी बघितला होतास ना?" टोर्केलनं विचारलं. "माझ्या मागनं उठलीस आणि तिच्या मागं जाऊन बसलीस. एवढंच."

एकदा कुणी बोट दाखवलं की बोट मागं घेतलं म्हणून काही ती जागा पुन्हा कोरी होत नाही. वीण कलली होती म्हणून तिला दिसली, की तिथं गोल होता म्हणून कलली, हे तिला आता कळणार नव्हतं, आणि कधीच कळणार नव्हतं. ती नुसती म्हणाली, "असेलही."

पुढच्या बुधवारी ती बाई आली. नाव मालेना, शाळेची बस चालवते. राजा सोडून बाकी सगळ्यांना अरे-तुरे करणारी इथली माणसं. मालेनानं आल्या आल्याच उल्रिकाला सांगून टाकलं, की तुला जे काय करायचं ते झटपट कर, पोरीचा वाढदिवस आहे आणि केकवर साय चढवायची बाकी आहे. ती पाठीवर निजली, हात डोक्याखाली घेतला, छताकडे बघत बोलत राहिली: बसमध्ये मागच्या बाकावर कोण कुणाच्या टोप्या लपवतं, बीटाच्या ट्रकवाल्यांनी रस्ता कसा चिखलाचा करून ठेवलाय, नवऱ्याला साय फेटायला सांगितली तर तिचं लोणी होतं. सोनोग्राफीचा थंडगार चिकट पदार्थ अंगावर पडला तशी ती शहारली आणि एक शिवी हासडली. उल्रिकानं तिच्या खांद्यावर क्षणभर डावा हात ठेवला.

ज्या जागी गोल होता तिथं ती गेली नाही. ती उजवीकडून निघाली, जिकडे कुणीच काही म्हटलं नव्हतं. इथं हुल्दा नव्हती. टोर्केल बोळाच्या पार पलीकडे होता. इथं जे होतं ते हाताखाली हलणारं, श्वास घेणारं, उबदार होतं, आणि पडद्यावर ते काळ्या-पांढऱ्या लाटांसारखं सरकत होतं. सावकाश फिरत फिरत ती डाव्या बाजूला आली, खालून वर, आणि जसजशी वर आली तसतसं तिच्या मनात एकच राहिलं, जे गेल्या कित्येक आठवड्यांत एकदाही नव्हतं: की आपण हरावं. आपण हरावं, हुल्दानंही हरावं, दोघींनी मिळून तोंडघशी पडावं, टोर्केलनं नाताळपर्यंत बोळाबोळांतून छाती काढून फिरावं, आणि ह्या बाईनं घरी जाऊन केकवर साय चढवावी. ती इतकं मनापासून हे मागत होती की तिचा हात हलका झाला, आणि त्या हलक्या हाताखाली ते आलं. वाटाण्याहून लहान, काळं, वाईट गाठी असतात तसं रुंदीपेक्षा उंच, मागं सावली टाकणारं. तिनं हात उचलला, पुन्हा टेकवला, दुसऱ्या बाजूनं आली. तिथंच होतं. तिच्या आत कुठंतरी क्षणभर एक बारीकसा आनंद चमकला, हरवलेला हातमोजा कोटाच्या खिशात सापडावा तसा. तिनं तो ओळखला आणि गिळून टाकला. तो कडू होता.

"गप्प का झालीस?" मालेनानं विचारलं.

उल्रिकानं पडदा तिच्याकडे वळवला. मालेना कोपरावर रेलून उठली, डोळे बारीक करून बघायला लागली. रोज पोरांनी भरलेल्या गाडीच्या काचेतून धुक्यात बघणारी बाई, ती नीट, प्रामाणिकपणे बघत होती, आणि तिच्या कपाळावर आशेची एक आठी उमटली.

"मला तर काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही. सगळं सारखंच दिसतंय." तिनं उल्रिकाच्या तोंडाकडे बघितलं. "त्या फोटोवाल्या डॉक्टरांना तरी काय दिसलं म्हणायचं?"

एकाला काहीच दिसलं नव्हतं. एकीनं गोल काढला होता. ह्यातलं काहीही सांगता आलं असतं, आणि त्याच्या आड दोन मिनिटं सहज उभं राहता आलं असतं. उल्रिकानं चिकट हात पुसला आणि मालेनाचा हात हातात घेतला. तो रुंद होता, चाकानं घट्टे पडलेला.

"त्यांचं राहू दे," ती म्हणाली. "बारीक आहे, मालेना. लवकर सापडलंय. पण आहे. मला दिसतंय."